कोटवाल्याची पावलं

४ मार्च

ताई,

तुझं मागचं पत्र तीन ओळींचं होतं. पहिलीत नळ गळतोय, दुसरीत तो दुरुस्त झाला, आणि तिसरीत 'बाकी ठीक' म्हणून तू मोकळी झालीस. नळाबद्दल मला आनंदच आहे. पण बाकीचं काय?

असो. बातमी अशी, की येत्या शुक्रवारी कोटवाल्याचा नववा भाग लागतोय. आपला हेर आता पन्नाशीला टेकला. तरी दहाव्या मजल्यावरून उडी मारली की कोटाला एक सुरकुती म्हणून पडत नाही. पहिल्या भागाला तू त्यावरून इतकी हसलीस, की त्याचं खरं नाव मागे पडलं आणि आपल्या घरात तो कायमचा कोटवाला झाला. या वेळी सिनेमा खरंच जमलाय. मागचे दोन आठवून नाक मुरडू नकोस. बर्फातला पाठलाग आहे, लिफ्टमधली मारामारी आहे, आणि खलनायक चक्क विनोदी आहे.

माझी मुलाखत घ्यायला कोणी येत नाही, म्हणून तुलाच सांगतो. तुला माहीतच आहे, चित्रीकरणात माणसांचं बोलणं नीट येतं, पावलं येत नाहीत. ती नंतर मी या खोलीत, पडद्याकडे बघत, चालून भरतो. या वेळची नायिका टाचांच्या चपला घालून छपरांवरून पळते, म्हणजे मी पळालो. माझ्या मापाच्या तसल्या चपला मागितल्या की दुकानदार अजूनही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. बर्फ म्हणजे पिशवीत भरलेलं पीठ. खलनायकाचा हात मोडतो ते गाजर आहे, नंतर ते मीच खाल्लं. महिना-महिना या खोलीत मी आणि माइक, काचेपलीकडे एक मुलगी, ती खुणांनीच बोलते. भिंतींना असं अस्तर आहे की स्वतःचा खोकलासुद्धा परत येत नाही. संध्याकाळी बाहेर पडल्यावर रस्त्यावरची गडबड इतकी गोड वाटते की मी उगाच दोन स्टॉप चालत जातो.

आता कामाचं. मध्यंतरानंतर वीसेक मिनिटांनी कोटवाला एका जुन्या घराचा लाकडी जिना चढतो. संगीत नाही, बोलणं नाही, नुसती पावलं. वर दार बंद असतं. तिथे कान दे. तिथे तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. काय ते सांगणार नाही. एकतीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोनवर बसून नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखणारी बाई तू, तुला सांगायची गरजही नाही.

फोन आठ महिने बिघडलेलाच आहे का? नवा पाठवू?

तुझा,
धप्या

(हे नाव तूच ठेवलंस, जिन्यावरून धपधप येतो म्हणून. त्याच धपधपीवर आज पोट चालतंय, हे विसरू नकोस.)

*

१७ मार्च

चिरंजीव धप्या,

पाहिला. पहिल्याच आठवड्यात, दुपारच्या खेळाला. पायऱ्या चढताना गुडघ्यांनी कुरकूर केली, त्यांना म्हटलं, आपला भाऊ टाचांच्या चपला घालून छपरावर पळतो, तुम्हाला काय झालं?

काय धमाल केलीय रे! पहिल्या पाच मिनिटांत तीन गाड्या, एक होडी आणि एक कारंजं कामाला आलं. तो खलनायक सारखी नखं कापत बसतो आणि माणसं मारायचे हुकूम देतो, तो मला फार आवडला. असा एक अधिकारी आमच्या इस्पितळात होता, फक्त हुकूम वेगळे. नायिका छपरावरून पळायला लागली आणि मला तू दिसलास, मोज्यांवर टाचा चढवलेला. मी फिस्सकन हसले. सगळे श्वास रोखून बसलेले, शेजारची बाई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच खलनायकाची मावशी.

आणि कोट! अखेर त्याच्या कोटाला भोक पडलं! लिफ्टमध्ये त्याने खाली बघून भोकात बोट घातलं आणि अख्खं थिएटर टाळ्या पिटायला लागलं. मीही पिटल्या. वीस वर्षं वाट पाहिली होती मी त्या भोकाची. थोडा थकलेला दिसतो आता. डोळ्यांखाली काळं आलंय. मला वाटतं त्याला घरी जेवायला कोणी बोलवत नसावं. इतक्या देशांत हिंडतो, आणि प्रत्येक खोलीत पलंग एकच.

जिन्याचा प्रसंगही छान झालाय. पावलं नेहमीसारखीच मस्त. शाबास.

सिनेमा संपल्यावर सगळे उठून गेले. मी तुझं नाव येईपर्यंत बसले. दिवे लागलेले, झाडूवाली बाई रांगेच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभी. तिला म्हटलं, थांब गं, माझा भाऊ यायचाय. आलास. दोन सेकंद थांबलास आणि वर निघून गेलास.

फोन पाठवू नकोस. पत्रं बरी.

ताई

*

२३ मार्च

ताई,

'नेहमीसारखीच मस्त' हे मी किती वेळा वाचलं असेल! नखांवर तू दोन लांब वाक्यं लिहिलीस, भोकावर पाच. जिन्यावर तीन तुटक, त्यातलं एक शाबास.

मग सांगतोच. शाळा बुडवून मी सिनेमाला जायचो आणि दिवे लागल्यावर घरी यायचो, ते आठवतंय? आई कडी लावून, आतल्या खोलीत काठी घेऊन बसलेली. मी जिना चढून दाराशी यायचो. आवाज द्यायची सोय नव्हती, म्हणून आपण खूण ठरवली होती. दोन टाचा, मग थांबायचं, मग एक पाय लांब घासायचा. टक, टक. खर्रर्र. म्हणजे मी आलोय, चुकलंय माझं, कडी काढ. आणि तू पाणी प्यायला उठल्याचं सोंग करून हळूच कडी काढायचीस.

जिन्याच्या शेवटी कोटवाला बंद दारापुढे उभा राहतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर आहे, पाय दिसत नाहीत. तिथे मी ती खूण घातलीय. दिग्दर्शकाने विचारलं, हे काय? मी म्हटलं, त्याला आत जायची लाज वाटतेय. तो म्हणाला, राहू दे, छान आहे. म्हणून राहिली. जगभरच्या थिएटरांत वाजतेय ती, आणि कळणारं माणूस एकच होतं.

आठव्या भागाचं काम चालू होतं त्या दिवशी. फोन आत नेता येत नाही, दाराबाहेरच्या टोपलीत ठेवावा लागतो. तू अकरा वेळा फोन केलास. मी त्या वेळी कोटवाल्याला एका बोगद्यातून पळवत होतो, आठ तास, कारण पाण्यातलं पाऊल मनासारखं येत नव्हतं. संध्याकाळी टोपलीतून फोन उचलला तोवर आई गेली होती. दुसऱ्या दिवशी पोचलो. तू मला एक शब्द बोलली नाहीस. दार उघडलंस आणि बाजूला झालीस. त्यानंतर फोनवर 'हं', 'बरं', 'ठेवते'. मग फोनही बंद.

मला वळसे घालता येत नाहीत. तू मला माफ केलंयस की नाही? नसेल केलं तर तेही लिही. मी इथे रोज दुसऱ्यांची पावलं चालतो आणि घरी आलो की खोलीत माझी स्वतःची मला नकोशी होतात.

धप्या

*

२० एप्रिल

धप्या,

महिना लावला, कारण चार पत्रं लिहून फाडली. आता सरळ सांगते. फोन ठणठणीत आहे. कान गेलेत.

आधी घड्याळाची टिकटिक गेली. मला वाटलं सेल संपला, दोन वेळा बदलला. मग दारावरची घंटा गेली. मग तू. तुझा शेवटचा फोन आला तेव्हा तू काहीतरी विचारलंस, मी 'हो हो' म्हणाले आणि तू गप्प झालास. पुढे तुझ्या पत्रात वाचलं, तू विचारलं होतंस की माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो का. आणि मी हो म्हणाले! दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. तरीही खरं लिहिलं नाही.

डॉक्टर म्हणतात, वयाआधी जातात कुणाकुणाचे. यंत्र दिलंय. ते लावलं की भांड्यांची आदळआपट सुरू होते, त्यात माणूस काही सापडत नाही. ते डब्यात ठेवून दिलंय. मी ओठांकडे बघते, हसते, मान हलवते. दुकानात सगळे म्हणतात, बाई किती गोड झाल्यात हल्ली.

तुला का नाही सांगितलं? अरे, तुझं आयुष्य आवाजात गेलं. सिनेमा हजारो बघतात, पावलं कुणाची हे कुणाच्या मनातही येत नाही. ऐकायला एक मीच होते. आता तीही बहिरी झाली, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून 'नेहमीसारखीच मस्त' लिहिलं. मला वाटलं, एवढ्याने भागेल. नखं दिसत होती, भोक दिसत होतं, जिन्यात दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

तुझं पत्र आल्यावर मी परत गेले. या वेळी भिंतीलगतची खुर्ची मागून घेतली. स्फोट झाला की ती भिंत छान हलते, पोटातसुद्धा कळतं. जिना आला तसा मी तळवा भिंतीवर टेकवला. काहीच नाही. तुझी पावलं तेवढी जड नाहीत. कोटवाला दारापुढे उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे बघत मी मनातच मोजलं, आता एक, आता दोन, आता थांबला, आता घासलं. आणि दार उघडलं. मला हुंदका आला. मोठ्याने आला असावा, कारण पुढच्या रांगेतले चौघे वळले.

लगेच धावत येऊ नकोस. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी टाळलंय हे मला माहीत आहे. ते 'हो' किंवा 'नाही' इतकं सोपं नाही.

ताई

*

२४ एप्रिल

ताई,

येतोय. येत्या शनिवारी, दुपारी चारला. नाही म्हणायला तुझं पत्र मला वेळेत पोचणार नाही, तेव्हा ती तसदी घेऊ नकोस.

मला वेळच वेळ आहे. दहाव्या भागात पावलं यंत्रात साठवलेली घालणार आहेत, असं कळलंय. कोटवाल्याचे बूट मला देऊन टाकले. तेच घालून येतो.

चार वाजता दाराबाहेर खुर्ची टाकून बस आणि जिन्याच्या कठड्यावर तळवा पालथा ठेव. थिएटरच्या भिंतीचं सोड, तिच्यात कापूस भरलेला असतो. जुनं लाकूड काही गिळत नाही, लागलेला धक्का वरपर्यंत पोचवतं. एवढं तरी माझ्या धंद्याने मला शिकवलंय.

धप्या

*

१२ मे

धप्या,

तू गेलास आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. तुझी चहाची कपबशी मी दोन दिवस विसळली नाही, हे उगाच सांगितलं.

पोचली बरं का तुझी पावलं. तळव्यात दोन टोले आले, मग काही नाही, मग एक लांब कंप मनगटापर्यंत चढला. तू वळणावर दिसायच्या आधीच मला माहीत होतं. कठडा धरून रडणारी म्हातारी बघून खालच्या बिऱ्हाडकरूंनी काय समजूत करून घेतली असेल ती असो.

चार दिवस तू वहीवर लिहिलंस आणि मी तोंडाने बोलले. वही भरली, तरी एक गोष्ट राहिली. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, तो किती मोठा निघेल याचा नेम नाही. ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. म्हणून पत्र.

आई गेली त्या दिवशी सकाळी डॉक्टर सांगून गेले की आता फार वेळ नाही. तिचे डोळे दोन दिवसांपासून मिटलेले होते, पण कान जागे होते. दर थोड्या वेळाने विचारायची, धप्या आला का? मी म्हणायची, निघालाय. मग तुला फोन लावायची. अकराव्या फोनानंतर तिने पुन्हा विचारलं, आणि मला 'निघालाय' म्हणवेना. मी म्हटलं, आलाय वाटतं, बघते.

कपाटाच्या तळाशी तुझे कॉलेजातले बूट होते. पुढे कागद कोंबला आणि ते घातले. दार लोटून खाली गेले, पहिल्या वळणापर्यंत, आणि तुझ्यासारखी धपधपत वर आले. तुझं चालणं मला पाठ होतं. दाराशी दोन टाचा दिल्या, थांबले, एक पाय लांब घासला.

आतून आई म्हणाली, "कडी काढ गं त्याला."

तिला ठाऊक होतं, धप्या. सगळी वर्षं ठाऊक होतं. काठी घेऊन ती आपलं नाटक ऐकत बसायची.

मी बूट तसेच पायात ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले. तिने चाचपडत माझा हात धरला. म्हणाली, "उशीर केलास." तोंड उघडलं असतं तर सोंग उघडं पडलं असतं. मग तिने विचारलं, "ताई कुठंय?" मी तिथेच होते रे, तिच्या हातात हात देऊन, आणि मला 'ओ' देता येईना. मग तीच म्हणाली, "तिला सांग, खूप केलंस. आता झोप जरा." त्यानंतर ती बोलली नाही. अर्ध्या तासाने गेली. हात तुझाच समजून धरलेला होता.

आता उत्तर. राग होता माझ्या मनात. तू आला नाहीस याचा नव्हता. तू न येताही तिला भेटलास, आणि मी आठ वर्षं तिची उशी बदलून शेवटी तिथे नव्हतेच, याचा होता. शिवाय मरत्या माणसाला फसवलं ही टोचणी वेगळी. दुसऱ्या दिवशी दारात तू उभा राहिलास तेव्हा मला बोलता आलं नाही ते यामुळे. तू ते तुझ्यावर ओढून घेतलंस, आणि मी घेऊ दिलं, तिथे माझं चुकलं.

तेव्हा माफी मागणं बंद कर. आईच्या लेखी तू आलास, आणि ती असताना आलास.

फक्त एक काम तुझ्याकडे राहिलंय. तिने माझ्यासाठी निरोप दिला तो तुझ्याजवळ. मला तो अजून कोणी सांगितलेला नाही.

ताई

*

१७ मे

ताई,

त्या दिवशी दुपारी मी घरी पोचलो. आईजवळ बसलो होतो, तिने माझा हात धरला होता. तू तेवढ्यात तिथे नव्हतीस. तिने तुझी चौकशी केली आणि मला म्हणाली, तिला सांग, खूप केलंस. आता झोप जरा.

निरोप द्यायला उशीर झाला. नेहमीसारखाच.

धप्या